जवाईबापूंचा सायलेन्सर

गाडीचा आवाज येत नाही, अशी तक्रार घेऊन आलेलं गिऱ्हाईक निंबा मिस्त्रीने आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं. एरवी लोक आवाज येतो म्हणून येतात. कोणाच्या गाडीत खडखड असते, कोणाच्या करकर, तर कोणाची गाडी ब्रेक दाबला की रडते. जीवरामराव भारंबे मात्र आपल्या अकरा वर्षं जुन्या, पांढऱ्या, छोट्या गाडीशेजारी हाताची घडी घालून उभे राहिले आणि म्हणाले, "मिस्त्री, हिचा आवाजच येत नाही."

निंबाने बॉनेट उघडलं, कान लावला, बॉनेट बंद केलं. तो मूळचा दोंडाईच्याचा. जळगावात गॅरेज टाकून वीस वर्षं झाली तरी त्याची बोली काही जळगावला आली नव्हती. "नाना, गाडी तं एकदम मस्त शे."

"तेच म्हणतोय मी. मस्त नको, आवाज पाहिजे. मोठा. गल्लीच्या तोंडाशी आलो की शेवटच्या घरात कळलं पाहिजे."

निंबाने त्यांच्याकडे पाहिलं. डोक्यावर तेल, खिशाला पेन, पायात सॅन्डल, वय बावन्न. मोठ्या आवाजाचे सायलेन्सर बसवायला त्याच्याकडे येतात त्यांच्या अंगावर यातलं काहीच नसतं.

हे खूळ जीवरामरावांच्या डोक्यात का शिरलं, ते सांगायचं तर तीन वर्षं मागे जावं लागेल. फार वेळ नाही, एका दुपारपुरतं. अधिक महिना, म्हणजे धोंड्याचा महिना, दर तीन वर्षांनी येतो आणि त्या महिन्यात जावई नावाचा एरवीचा सामान्य प्राणी देवाच्या पंक्तीला जाऊन बसतो. त्याला तेहतीस अनारसे, चांदीचं निरांजन, पुरणाचे धोंडे, कापड. पण जीवरामरावांच्या सासुरवाडीत, म्हणजे धुळ्याला, खरा मान असतो तो फाटकात. जावयाची गाडी आली की सासूबाईंनी फाटकापर्यंत जायचं, भाकरतुकडा ओवाळून टाकायचा, पायांवर तांब्याभर पाणी घालायचं, आणि मगच जावयाने आत पाऊल टाकायचं. आत गेल्यावर जे मिळतं ते पाहुण्याला कुठेही मिळतं.

गेल्या धोंड्याला जीवरामराव आणि त्यांचे साडू नवीनराव, दोघांना एकाच दिवशी बोलावणं होतं. दोघांच्या बायका दोन दिवस आधीच माहेरी जाऊन पुरण वाटत बसलेल्या. जीवरामराव आधी पोचले. त्यांची गाडी इतकी गरीब की फाटकाशी येऊन थांबली तरी ओट्यावरचं मांजर हललं नाही. हॉर्न वाजवून लोकांना बोलावणं त्यांच्या स्वभावात नाही. पाच मिनिटं त्यांनी फाटकात उभं राहून पाहिलं, एकदा खाकरून पाहिलं, मग आत जाऊन हॉलमध्ये पेपर वाचत बसले. अर्ध्या तासाने नवीनरावांची काळी, मोठी गाडी गर्जना करत गल्लीत शिरली. सगळं घर फाटकाकडे धावलं. गडबडीत कोणीतरी पाण्याची कळशी जीवरामरावांच्या हातात दिली आणि ती धरून ते साडूच्या पायांवर पाणी पडताना पाहत उभे राहिले. पाणी घालून झाल्यावर सासूबाईंचं, वच्छलाबाईंचं, लक्ष गेलं. त्या म्हणाल्या, "अगं बाई, जवाईबापू! तुम्ही कधी आले?"

बाकी सगळं मिळालं. अनारसे मोजून तेहतीस मिळाले. पण फाटक राहिलं ते राहिलंच. आत आलेल्या माणसाला पुन्हा बाहेर नेऊन ओवाळायचं म्हणजे जरा विचित्रच दिसतं, असं वच्छलाबाई म्हणाल्या, आणि जीवरामराव "नाही, नाही, काही हरकत नाही" म्हणाले. ते नेहमीच असं म्हणतात. एका शिक्षणसंस्थेत ते वरिष्ठ लिपिक आहेत. शिपाई एकदा त्यांना आत ठेवून कुलूप लावून गेला होता. अर्ध्या तासाने परत आल्यावर वर तोंड करून म्हणाला, "भाऊसाहेब, आवाज द्यायचा ना." जीवरामरावांनी दिला होता. तो आवाज होता, हे शिपायाला कळलं नव्हतं.

यंदाचा अधिक महिना नेमका मे-जूनच्या तोंडावर आला आणि वच्छलाबाईंचा फोन आला. "या रविवारी नाही, पुढच्या रविवारी या. नवीनरावही येऊ राहिले. पाण्याचं जरा कठीण आहे, आमची गल्ली टँकरवर आहे, तोही तीन दिवसांनी येतो. पण तुमच्या दोघांच्या पायांपुरतं मी कळशीत झाकून ठेवलंय, काळजी करू नका."

"तुमच्या दोघांच्या" हे शब्द जीवरामरावांनी मनात जपून ठेवले. यंदा फाटक चुकवायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. हॉर्न वाजवणं म्हणजे मान मागून घेणं. गाडीचा आवाज आपोआप येतो, त्याला कोणी काही म्हणू शकत नाही. नवीनरावांच्या गाडीचा येतो तसा.

त्यांच्या पत्नी नूतनबाईंनी हा बेत ऐकून हातातली पोळी तव्यावर टाकली. "तुम्ही घरात आले तरी मला कळत नाही. स्वयंपाकघरात मागे येऊन उभे राहता, मी दचकते. त्यापेक्षा 'आलो' म्हणायला शिका ना. त्याला सायलेन्सर कशाला?"

हा प्रश्न जीवरामरावांना फारसा महत्त्वाचा वाटला नाही.

मेहरूणमधल्या त्यांच्या कॉलनीत कुठलीही गोष्ट गुप्त राहत नाही, आणि राहिलीच तर सल्ला देणाऱ्यांची फार गैरसोय होते. शेजारचे सुगनचंद शेठ कापडाचे व्यापारी. ते संध्याकाळी कुंपणाशी आले. "भारंबेजी, चाळीस वर्षं गादीवर बसलोय. जो गिऱ्हाईक मोठ्याने बोलतो तो फक्त थान उलगडायला लावतो. जो गुपचूप बसतो तो सगळ्यात जास्त कापड घेऊन जातो." हे आपल्या बाजूने आहे की विरुद्ध, ते जीवरामरावांना नीट कळलं नाही. समोरच्या मंदाबाईंनी सुचवलं की आवाजच पाहिजे तर गाडी मागे घेताना आरती वाजते तसा भोंगा लावा, त्यांच्या भाच्याने लावलाय, सगळे हात जोडतात. पण मग सासरी उलटं शिरावं लागलं असतं.

जीवरामराव मुळात कारकून. परवानगीवाचून त्यांनी आयुष्यात कार्यालयाची खिडकीसुद्धा उघडलेली नाही. तेव्हा ते परिवहन कार्यालयात गेले आणि रीतसर अर्ज दिला, दोन प्रतींत. विषय : वाहनाच्या सायलेन्सरमधून किंचित अधिक आवाज येण्यास परवानगी मिळणेबाबत. खिडकीतल्या बाईंनी तो दोनदा वाचला, मग शेजारच्या टेबलावर दिला. तिथून तो आणखी दोन टेबलं फिरून परत आला, तेव्हा सगळे जण माना उंच करून जीवरामरावांकडे पाहत होते.

"काका, आवाज कमी करा, अशा तक्रारी येतात आमच्याकडे. वाढवून द्या म्हणणारा नमुनाच नाही."

"कोऱ्या कागदावर चालेल का?"

"कायद्यातच बसत नाही, काका. दंड होईल. तुम्ही उगाच का पडताय यात?"

"हेच लेखी द्याल का?"

बाईंनी सुटकेसाठी पोचेचा शिक्का मारून एक प्रत परत दिली. जीवरामरावांनी ती घडी घालून खिशात ठेवली. तीस वर्षं फायली हाताळून त्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक झाली होती : लेखी नकार आला नाही म्हणजे प्रकरण विचाराधीन असतं. आणि विचाराधीन असलेल्या प्रकरणात या देशात काय काय होऊन जातं!

तर अशा विचाराधीन अवस्थेत सायलेन्सर बसवायचं ठरलं. निंबाने एकदा शेवटचा प्रयत्न करून पाहिला. "नाना, हाई तीन सिलिंडरनी गाडी शे. हिना आवाज काय वाघना येई का?"

"मग कसला येईल?"

"बसाडी देखू," निंबा म्हणाला आणि गाडीखाली शिरला.

मूळ सायलेन्सर, बिचारा, अकरा वर्षं तोंडातून ब्र न काढता राबलेला. निंबाने तो माळ्यावर टाकला. त्याच्या जागी स्टीलचा, चकचकीत, दंडाएवढ्या तोंडाचा नवा आला. तो इतका लांब-रुंद होता की गाडीखाली बसेना. दोनदा पट्ट्या कापल्या, एकदा वेल्डिंग केलं, शेवटी तो बसला, पण जमिनीपासून चार बोटांवर लोंबकळत राहिला.

"गतिरोधक देखीसन चालाडा नाना," निंबा म्हणाला. "मधली पट्टी जरा नाजूक शे."

मग चावी फिरवली. गॅरेजच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. पलीकडे रसवंतीच्या बाकावर बसलेल्या दोघांनी ग्लास उचलून धरले. आवाज होता, यात वादच नव्हता. धड धड धड धड, मध्येच एक उचकी, पुन्हा धड धड धड. जीवरामरावांच्या स्टिअरिंगवरच्या बोटांना मुंग्या आल्या. बावन्न वर्षांत त्यांच्या मालकीच्या कुठल्याही वस्तूने एवढ्या ठामपणे तोंड उघडलेलं नव्हतं. त्यांना फार बरं वाटलं.

"कसा आहे?" त्यांनी ओरडून विचारलं. त्यांच्या मानाने ओरडून.

निंबाने डोकं खाजवलं. "दमदार शे. जरा शेती बाजूना वाटस."

शेती बाजूचा म्हणजे काय, ते कॉलनीत शिरल्यावर कळलं. मंदाबाई फाटकात आल्या आणि विचारू लागल्या, "वाळूचं ट्रॅक्टर कोणाकडे आलं हो?" जीवरामरावांनी गाडीतून हात केला. मंदाबाई बाहेर आल्या, हे त्यांच्या दृष्टीने महत्त्वाचं होतं. कशासाठी आल्या, हा तपशील झाला.

सुगनचंद शेठच्या घरचा प्रश्न मात्र नाजूक होता. त्यांच्या पत्नी लाडकुंवरबाई रोज सकाळी जैनांचं सामायिक करतात, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं एका आसनावर, मौन, मन स्थिर. जीवरामरावांची ऑफिसला जायची वेळ नेमकी त्या मिनिटांमध्ये पडायची. गाडी सुरू झाली की इकडे त्यांचं मन हलायचं. शेठ दुसऱ्या दिवशी हात जोडून आले. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की गाडी ढकलत चौकापर्यंत न्यावी आणि तिथे सुरू करावी. जीवरामराव "काही हरकत नाही" म्हणाले. त्यामुळे आठवडाभर कॉलनीने रोज सकाळी असं दृश्य पाहिलं की आवाजासाठी एवढा खर्च केलेला माणूस खिशातलं पेन सावरत, घाम पुसत, गाडी मुकाट ढकलत चाललाय. शेठही मागून एक हात लावायचे. माणूस सज्जन.

शुक्रवारी नूतनबाई एसटीने धुळ्याला पुढे गेल्या. पुरण वाटायला आईला मदत हवी, असं त्या म्हणाल्या. एसटी त्या मानाने शांत असते, असंही म्हणाल्या. त्याच संध्याकाळी जीवरामरावांना चौकात वाहतूक हवालदाराने अडवलं.

"काका, गाडी तुमचीच? मला वाटलं पोरगं असेल आत. काय बसवलंय हे?"

जीवरामरावांनी शांतपणे खिशातून पोच काढली. "प्रकरण विचाराधीन आहे."

हवालदाराने अर्ज वाचला, मान वर केली, पुन्हा वाचला. "काका, हा तर तुमचा कबुलीजबाब आहे. आणि वर शिक्का." त्याने दंडाची पावती फाडली आणि नोटीसही लिहायला घेतली : मूळ सायलेन्सर बसवून गाडी हजर करावी. "उद्या सकाळी आणा."

"रविवारी धोंड्याला जायचंय," जीवरामराव म्हणाले. "धुळ्याला. साडू पण येणार आहेत."

हवालदाराचं पेन थांबलं. "साडूकडे कुठली गाडी?"

"मोठी. काळी."

हवालदाराने थोडा वेळ सिग्नलकडे पाहिलं. मग 'उद्या' खोडून 'सोमवार' लिहिलं. "माझा साडू शिरपूरला आहे," तो एवढंच म्हणाला.

रविवारी सकाळी गाडी एरंडोल, पारोळा करत धुळ्याच्या दिशेने निघाली. ऊन असं की डांबरावर पाणी दिसत होतं. पारोळ्याच्या पुढे एका शेतकऱ्याने हात करून थांबवलं आणि रोटाव्हेटर मारायचा काय भाव, असं विचारलं. जीवरामरावांनी काच वर केली. नव्या सायलेन्सरमुळे पायाखालचा पत्रा तापून निघत होता, कानांना दडे बसले होते, पण मनात फक्त एक फाटक होतं. त्यात पदर सावरत उभ्या असलेल्या वच्छलाबाई होत्या, त्यांच्या हातात भाकरतुकडा होता.

धुळ्याच्या देवपुरात, सासरच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांनी गाडी थांबवली, आरशात भांग नीट केला, पहिला गिअर टाकला आणि हळूहळू, पण ॲक्सिलरेटर चांगला दाबून, आत शिरले. धड धड धड धड. पहिल्या घराचं दार उघडलं. मग दुसऱ्याचं. मग दोन्ही बाजूंची सगळी दारं भराभर उघडत गेली. माणसं धावत ओट्यांवर आली. बायका पुढे झाल्या, त्यांच्या हातांत हंडे होते, कळश्या होत्या. त्यांनी त्या कळश्या गल्लीत उपड्या केल्या. डावीकडून पाणी, उजवीकडून पाणी, सगळी गल्ली ओली झाली. जीवरामरावांना वाटलं, गल्ली आपल्या वाटेवर सडा घालतेय. आयुष्यातला तो सर्वांत सुखाचा क्षण साधारण आठ सेकंद टिकला.

नवव्या सेकंदाला कुंदाबाई नावाच्या एक भक्कम बाई दोन हंडे घेऊन गाडीच्या मागे गेल्या, तिथे काहीच नाही हे पाहून पुढे आल्या आणि खिडकीत वाकल्या. "टँकर कोठे शे?"

"कोणता टँकर?"

"मंग हाऊ आवाज कसाना उना?" त्यांनी खाली वाकून पाइपाचं दंडाएवढं तोंड पाहिलं. मग सरळ झाल्या आणि गल्लीला उद्देशून म्हणाल्या, "हाई तं कार शे व माय! कारना आवाज शे! आनि आम्ही बठ्ठं पाणी फेकी दिधं!"

टँकर ट्रॅक्टरला जोडलेला असतो आणि तीन दिवसांनी येतो. तो आला की उरलंसुरलं शिळं पाणी ओतून, भांडी विसळून, ताजं भरायचं, ही त्या गल्लीची रीत. पाणी कितीही कमी पडलं तरी शिळ्यावर ताजं कोणी भरत नाही. त्या दिवशी टँकरची पाळी होती, सकाळपासून सगळ्यांचे कान रस्त्याकडे होते, आणि जीवरामरावांचा सायलेन्सर हुबेहूब ट्रॅक्टरसारखा बोलत होता. वीस घरांतलं होतं नव्हतं ते पाणी आता गल्लीत वाळत होतं.

जीवरामरावांनी फाटकाकडे पाहिलं. वच्छलाबाई खरोखरच फाटकात उभ्या होत्या. मागून नूतनबाईंचा आवाज येत होता, "आई, थांब, टँकर नाही गं, हे आलेत!" पण उशीर झाला होता. वच्छलाबाईंच्या हातातली तांब्याची कळशी उपडी होती आणि तिच्यातून शेवटचे थेंब पायरीवर पडत होते.

"जवाईबापू," त्या हळूच म्हणाल्या, "तुमच्या पायांसाठीच ठेवेल होतं हो हे पाणी."

पाण्यावाचून नुसता भाकरतुकडा ओवाळणं बरं नव्हे, असं ठरलं. टँकर आल्यावर सगळं रीतसर करू, तोवर आत या. कुंदाबाईंनी गाडी आपल्या दारासमोरून काढायला सांगितली, तेही जरा लागेल अशा शब्दांत. जीवरामराव "चहा घेतो आणि काढतो" म्हणाले, सॅन्डल काढून हॉलमध्ये गेले आणि दारातच थबकले. कोपऱ्यातल्या खुर्चीत नवीनराव पेपर वाचत बसले होते.

त्यांच्या मागोमाग आलेल्या वच्छलाबाई गोंधळल्या. "अगं बाई! नवीनराव, तुम्ही कधी आले?"

"पाऊण तास झाला," नवीनराव म्हणाले. त्यांनी यंदा बॅटरीवरची गाडी घेतली होती. तिचा आवाजच येत नाही, हे ते एरवी फार अभिमानाने सांगत. आत्ता त्यांनी पेपरची घडी घातली, पुन्हा उलगडली. "काही हरकत नाही."

ते वाक्य ऐकून जीवरामरावांना आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण थोडा. तेवढ्यात चहा आला.

चहाचा दुसरा घोट घेताना बाहेर धड धड धड धड ऐकू आलं. मग दोनदा हॉर्न. आतून नूतनबाई मिक्सरच्या वरताण ओरडल्या, "काढताय का गाडी? जरा हळू काढा!" पलीकडून कुंदाबाईंचा आवाज आला, "तोच शे तो. काढी राह्यना. दार लाव." जीवरामराव कपाकडे पाहत राहिले. गाडीची चावी त्यांच्या खिशात होती, आणि नवीनराव पेपरात बुडालेले. साऱ्या गल्लीत फक्त त्यांना एकट्याला माहीत होतं की बाहेर आहे ते आपण नाही.

ते उठून बाहेर येईपर्यंत टँकर वळणापलीकडे गेला होता. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. वीस घरांत प्यायला पाणी नाही, आणि पुढचा टँकर बुधवारी. सॅन्डल शोधायला वेळ नव्हता. ते तसेच अनवाणी गाडीत शिरले आणि निघाले.

टँकरमागे हॉर्न वाजवण्यात अर्थ नव्हता. ट्रॅक्टरवाल्याला स्वतःच्या ट्रॅक्टरचा आवाज आणि मागचा आवाज एकच वाटत होता. जीवरामरावांनी आयुष्यात पहिल्यांदा डावीकडून ओव्हरटेक केलं, पुढे गेले आणि गतिरोधक पाहिला. म्हणजे उशिरा पाहिला. पुढची चाकं पार झाली, मग खालून तोफेसारखा आवाज आला आणि गाडी मधोमध अडकून बंद पडली. नाजूक पट्टी गेली होती. सायलेन्सरने गतिरोधकाला मिठी मारली होती. मागे टँकर कचकन थांबला.

"काय भाऊ!" ट्रॅक्टरवरून भाईदास उतरला. "रस्तामा गाडी उभी करतस का?"

जीवरामराव रस्त्यावर उतरले. डांबर तव्यासारखं तापलं होतं. एक पाय उचलत, एक टेकवत त्यांनी सांगितलं की मागची गल्ली राहिलीय.

"दोन दाव हॉर्न दिधा, कोन्ही भायेर नही उनं. मन्ही फेरी व्हयनी."

"रजिस्टर दाखवा."

भाईदासने सीटखालून वही काढली. जीवरामरावांनी पाय बदलत, पण घाई न करता, रकाने पाहिले. गल्लीचं नाव, वेळ, रहिवाशाची सही. "सहीचा रकाना कोरा आहे," ते म्हणाले. "सही नाही म्हणजे फेरी झालेली नाही. फेरी झालेली नाही म्हणजे तुम्ही अजून आमच्या गल्लीत आलेलेच नाही. इथे पुढे कसे आलात, ते मात्र लेखी द्यावं लागेल."

भाईदासने वहीकडे पाहिलं, अडकलेल्या गाडीकडे पाहिलं, या नाचणाऱ्या माणसाकडे पाहिलं. मग तो दोरखंड काढायला गेला. दोघांनी जोर लावून गाडी गतिरोधकावरून सोडवली, दोन तुकडे झालेला सायलेन्सर भाईदासने टाकीवर टाकला, आणि गाडी टँकरच्या मागे बांधली.

असे जीवरामराव त्या गल्लीत दुसऱ्यांदा आले, दोरीच्या टोकाला, बंद गाडीत. पुढे ट्रॅक्टर धडधडत होता आणि एकही दार उघडलं नाही. भाईदासने हॉर्न दिला. एका खिडकीतून कोणीतरी म्हणालं, "अजूनही तोच फिरी राह्यना का?" आणि खिडकी बंद झाली.

"देखा," भाईदास म्हणाला. "मी पाच मिंटं थांबस. नंतर सही तुम्हीच करा."

जीवरामराव खाली उतरले. गल्लीच्या मधोमध उभे राहिले. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, खाकरले. मग त्यांनी तोंड उघडलं आणि बावन्न वर्षांत साठलेलं सगळं एकदम बाहेर आलं, तेही गल्लीच्याच बोलीत.

"पाणी उनं! खरं उनं! बठ्ठा भायेर या!"

आतल्या स्वयंपाकघरात मिक्सर थांबला. वच्छलाबाईंनी विचारलं, "हा कोणाचा गं आवाज?" नूतनबाईंनी कान दिला. "मलाही माहीत नाही," त्या म्हणाल्या. आवाज पुन्हा आला तेव्हा त्यांच्या हातातली वाटी खाली पडली. "आई! हे आहेत!"

सगळी दारं उघडली. हंडे आले, पाइप आले, कुंदाबाई आल्या. त्यांनी आधी टँकरच्या मागे जाऊन पाणी खरंच आहे ना ते पाहून घेतलं, मग जीवरामरावांकडे पाहून मान हलवली आणि रांगेतली आपली पहिली जागा वच्छलाबाईंना दिली. पहिली कळशी भरली. वच्छलाबाई ती घेऊन थेट फाटकात आल्या, भाकरतुकडा ओवाळून टाकला, आणि कळशीतून तांब्या बुडवून त्या भाजलेल्या, काळ्या पडलेल्या पायांवर पाणी घातलं. जीवरामरावांनी डोळे मिटले. पाणी टाकीत तापलेलं होतं, तरी त्यांना ते थंडगार लागलं.

"अजून एक घाला," ते म्हणाले. पूर्वी ते असं म्हणाले नसते.

डोळे उघडले तेव्हा समोर नवीनराव उभे होते. गडबडीत कोणीतरी कळशी त्यांच्या हातात दिली होती. दोन्ही हातांनी ती धरून ते जीवरामरावांच्या ओल्या पायांकडे पाहत होते. चेहऱ्यावर तेच 'काही हरकत नाही'. तो चेहरा जीवरामरावांच्या चांगल्या ओळखीचा होता. तीन वर्षं तो ते रोज आरशात पाहत आले होते.

ते पायरीवरून बाजूला झाले आणि चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाले, "आई, थांबा. नवीनरावांचे पाय राहिलेत. नवीनराव, या असे फाटकाबाहेर."

"अहो, आत येऊन झालोय मी आता, कशाला..."

"या म्हणतो ना."

नवीनराव निमूटपणे फाटकाबाहेर जाऊन उभे राहिले. त्यांच्या हातातली कळशी जीवरामरावांनी घेतली आणि सासूबाईंना तांब्या बुडवता यावा म्हणून थोडी तिरकी धरली. या वेळी ती त्यांच्या हातात कोणी दिली नव्हती.